पोर्ट तोच, आलेख भलत्याचा: नेटवर्कमधल्या वस्तूंची नावं आणि ओळख

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकाच जातीची आहे. यंत्रं चालू आहेत, पण मॉनिटरिंगला ती ओळखू येत नाहीत, किंवा भलत्याच नावाने ओळखू येतात. यंत्रांना माहिती विचारायची ठरलेली भाषा म्हणजे एसएनएमपी, तिच्यातल्या प्रत्येक माहितीचा आकडी पत्ता म्हणजे ओआयडी, आणि ती माहिती विचारून आलेख काढणारी प्रणाली म्हणजे एनएमएस. ओआयडी, आदेश आणि यंत्रांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे वापरायचे.

प्रश्न: चवथीच्या सुट्टीत वीज गेली आणि यूपीएसही संपला. स्विच परत चालू झाल्यापासून एनएमएसमधले आलेख उलटसुलट झालेत. शाखेच्या लाइनचा ट्रॅफिक सीसीटीव्हीच्या नावाखाली दिसतो. केबलला कोणी हात लावलेला नाही. काय झालं असेल?
— पतसंस्थेचे संगणक विभागप्रमुख, फोंडा

उत्तर: स्विचने पोर्टांना नवे इफइंडेक्स, म्हणजे अंतर्गत क्रमांक, वाटले आहेत आणि तुमची एनएमएस जुनेच धरून बसली आहे.

एनएमएस पोर्टला नावाने हाक मारत नाही. आत आलेल्या बाइट्सचा मीटर हवा असला की १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ या ओआयडीच्या शेवटी एक आकडा जोडते आणि तेवढंच विचारते. शेवटी ९ असेल तर तो स्विचच्या तोंडावर छापलेला ९ असेलच असं नाही. तो स्विचने आपल्या सोयीने दिलेला अनुक्रमांक असतो. आरएफसी २८६३ ची अट एवढीच आहे, की एका रीस्टार्टपासून पुढच्या रीस्टार्टपर्यंत तो बदलता कामा नये. रीस्टार्टनंतर पुन्हा वाटप करायला स्विच मोकळा असतो. साध्या २४ पोर्टच्या स्विचात वाटप सहसा तसंच राहतं. कार्डं घालायचा किंवा स्टॅक केलेला स्विच असेल, मध्ये व्हीएलएएन इंटरफेस वाढवले असतील, तर ते सरकतं. लिनक्सच्या राउटरवर तर पीपीपीची जोडणी तुटून परत लागली तरी नवा आकडा मिळतो, रीस्टार्टचीही गरज पडत नाही.

आधी खात्री करून घ्या. १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१ पासून वॉक केलं (एसएनएमपीवॉकने एकापुढची एक नोंद वाचत गेलं) की इंडेक्स आणि त्यापुढे इफनेम, म्हणजे स्विचने दिलेलं पोर्टचं नाव, अशी यादी मिळते. ती फाइलमध्ये ठेवा आणि एनएमएसमध्ये प्रत्येक आलेखाशी नोंदलेला इंडेक्स तिच्याशी ताडून पाहा. संध्याकाळी कामकाज आटोपल्यावर स्विच एकदा रीस्टार्ट करून पुन्हा यादी काढा. दोन याद्यांत ओळी सरकलेल्या दिसल्या की निदान पक्कं.

उपाय दोन्ही टोकांना करायचा. सिस्कोच्या आयओएसवर कॉन्फिग मोडमध्ये ‘एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट’ हा आदेश आहे. नव्या आवृत्त्यांत तोच ‘एसएनएमपी इफएमआयबी इफइंडेक्स पर्सिस्ट’ असा लिहितात. नंतर कॉन्फिग सेव्ह करायला विसरलात तर पुढच्या वेळी वीज गेली की सगळं मुसळ केरात. एनएमएसच्या टोकाला पोर्टची गाठ इंडेक्सऐवजी इफनेमशी मारा. एमआरटीजीत सीएफजीमेकर चालवताना ‘इफरेफ’ हा पर्याय ‘नेम’ ठेवतात, लिब्रेएनएमएसमध्ये यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट असोसिएशन मोड’ आहे. इफडिस्क्रवर भिस्त नको, काही स्विचांत सगळ्या पोर्टांचं वर्णन एकसारखंच येतं. इफअलायस म्हणजे पोर्टवर तुम्ही स्वतः लिहिलेलं वर्णन. ते ६४ अक्षरांपर्यंत असतं आणि रीस्टार्टनंतरही टिकतं, त्यामुळे त्याचा मोह होतो. पण दोन पोर्टांवर नुसतं ‘अपलिंक’ लिहिलेलं असलं की एनएमएसला दोघांत फरक कळत नाही. अलायसशीच गाठ मारायची असेल तर त्यात लाइन देणाऱ्या कंपनीचा सर्किट क्रमांक घाला.

झालेली सरमिसळ आलेखांतून मागाहून वेगळी काढता येत नाही. तारीख नोंदवा आणि त्या दिवसापासून नवा आलेख सुरू करा. त्या दिवशी आलेखात छताला भिडणारी एक उभी रेघ दिसत असेल, तिचं कारणही हेच. मीटर शून्यावर आला होता. आलेखांचे आकडे साठवणाऱ्या आरआरडीटूलचा ‘काउंटर’ प्रकार आकडा कमी झालेला दिसला की मीटर पूर्ण फिरून आला असं समजतो आणि मधली सगळी वाढ ट्रॅफिकमध्ये धरतो. ‘डिराइव्ह’ प्रकार ठेवून किमान मूल्य ० दिलं की तिथे नुसती मोकळी जागा पडते.

हात घातलाच आहे तर एक पाहून घ्या. मीटर १.३.६.१.२.१.२.२.१.१० हा जुना ३२ बिटांचा तर नाही ना? तो १०० मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर साधारण ५ मिनिटं ४३ सेकंदांत पूर्ण फिरतो आणि १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत. दर ५ मिनिटांनी विचारणाऱ्या एनएमएसला मधले फेरे कळतच नाहीत. वर दिलेला ३१ च्या शाखेतला मीटर ६४ बिटांचा आहे, मात्र तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, २सी किंवा ३ लागते.

प्रश्न: लॅबमधल्या सर्व्हरचं नाव वाचायला एसएनएमपीगेटने १.३.६.१.२.१.१.५ मागितलं तर ‘नो सच इन्स्टन्स’ येतं. तोच ओआयडी वॉकला दिला तर नाव व्यवस्थित मिळतं. मग ओआयडी चूक की बरोबर? मुलं असंही विचारतात, की हे आकडे ठरवतं कोण?
— महाविद्यालयातील प्रयोगशाळा साहाय्यक, मडगाव

उत्तर: ओआयडी बरोबर आहे, पण अपुरा आहे. १.३.६.१.२.१.१.५ ही सिसनेम या जातीची जागा झाली. मूल्य तिच्याखाली .० वर असतं. यंत्रात एकच असते अशा प्रत्येक वस्तूला शेवटी .० लागतो. वॉक हा ‘यापुढचं काय आहे ते दे’ असं विचारत जातो, म्हणून तो आपोआप .० वर पोहोचला. गेट बोट दाखवलेलीच जागा उघडतो.

आकड्यांचं झाड असं उतरतं: १ आयएसओ, ३ मान्यताप्राप्त संस्था, ६ अमेरिकेचं संरक्षण खातं, १ इंटरनेट. त्याखाली २.१ मध्ये सगळ्यांना सामाईक असलेल्या वस्तू आणि ४.१ मध्ये कंपन्यांच्या खासगी शाखा. खासगी क्रमांक आयएएनए ही संस्था फुकट देते. सिस्कोचा ९, एचपीचा ११, मायक्रोसॉफ्टचा ३११, मिक्रोटिकचा १४९८८. तुमच्या महाविद्यालयालाही अर्ज करून एक घेता येईल. प्रयोगासाठी दुसऱ्या कोणाचा क्रमांक वापरण्यापेक्षा ते बरं.

मुलांकडून हमखास होणारी एक गल्लत सांगतो. सिसऑब्जेक्टआयडी, म्हणजे १.३.६.१.२.१.१.२.०, हा त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक आहे असं ती धरून चालतात. त्यातून फक्त जात कळते. लॅबमध्ये नेट-एसएनएमपी घातलेले वीस लिनक्स सर्व्हर असले तर वीसही जण १.३.६.१.४.१.८०७२.३.२.१० असंच उत्तर देतील.

तक्त्यांतल्या वस्तूंना .० ऐवजी इंडेक्स लागतो, आणि इंडेक्स दर वेळी साधा आकडाच असतो असं नाही. पत्त्यांच्या तक्त्यात आख्खा आयपीच शेवटी येतो: १९२.१६८.१.१ कोणत्या इंटरफेसवर आहे ते १.३.६.१.२.१.४.२०.१.२.१९२.१६८.१.१ वर मिळतं. इंडेक्स शब्द असेल तर आधी त्याची लांबी आणि मग एकेका अक्षराचा आस्की क्रमांक. हे लॅबमध्ये करून दाखवण्यासारखं आहे. एसएनएमपीडी, म्हणजे सर्व्हरवर एसएनएमपीची उत्तरं देणारी सेवा, तिच्या कॉन्फिगमध्ये ‘एक्सटेंड’ वापरून टी-ई-एम-पी या चार अक्षरी नावाने तापमान वाचणारी एक स्क्रिप्ट जोडा. तिच्या उत्तराची पहिली ओळ १.३.६.१.४.१.८०७२.१.३.२.३.१.१.४.११६.१०१.१०९.११२ वर येते. शेवटचा ४ ही लांबी आणि पुढचे चार आकडे म्हणजे ती अक्षरं. नाव मोठ्या लिपीत टाकलंत तर आस्की क्रमांक बदलतात आणि ओआयडीही बदलतो. मुलांची निम्मी ‘चालत नाही’ इथली असतात.

‘नो सच इन्स्टन्स’ आणि ‘नो सच ऑब्जेक्ट’ यांत फरक आहे. पहिल्यात जात माहीत आहे, त्या इंडेक्सवर काही नाही. दुसऱ्यात यंत्राला ती वस्तूच माहीत नाही, किंवा तुम्हाला दाखवायची परवानगी नाही. डेबियन आणि उबुंटूवर एसएनएमपीडी नुसता बसवून चालू केला तर तो फक्त १.३.६.१.२.१.१ आणि १.३.६.१.२.१.२५.१ एवढ्याच शाखा दाखवतो आणि फक्त त्याच यंत्रावरून विचारलेलं ऐकतो. इंटरफेस दिसत नाहीत म्हणून एमआयबी (ओआयडींना नावं देणाऱ्या फाइली) शोधत बसण्याआधी कॉन्फिगमधल्या ‘व्ह्यू’च्या ओळी वाचा.

त्याच दोन प्रणालींवर नावांऐवजी नुसते आकडे दिसतात हीही अनेकांची तक्रार आहे. परवान्याच्या कारणाने एमआयबीच्या फाइली तिथे सोबत येत नाहीत. नॉन-फ्री भांडारातलं, उबुंटूत मल्टिव्हर्समधलं, ‘एसएनएमपी-मिब्स-डाउनलोडर’ हे पॅकेज बसवा आणि इटीसीतल्या एसएनएमपी डॉट कॉन्फमध्ये ‘मिब्स :’ या ओळीपुढे हॅश लावा.

प्रश्न: आमची म्हापसा, पणजी, मडगाव इथे हॉटेलं आहेत आणि वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला एक गोदाम. प्रत्येक ठिकाणच्या माणसाने स्विचना आपल्या मनाने नावं दिलीत. एकसारखी नावं द्यायची तर पद्धत कोणती? मराठीत नावं देता येतील का?
— हॉटेल व्यवसायातील वाचक, म्हापसा

उत्तर: नावाआधी गावाचा निकाल लावा. आपल्याकडे हे दुखणं जरा जास्तच आहे. मडगाव रेल्वे एका स्पेलिंगने लिहिते आणि नगरपालिका दुसऱ्या. पणजीची दोन रूपं रोज छापून येतात. डिचोली, काणकोण यांची पोर्तुगीज वळणाची आणि मराठी वळणाची स्पेलिंगं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे यादीत ती एकमेकांच्या जवळसुद्धा येत नाहीत. एनएमएसच्या दृष्टीने दोन स्पेलिंगं म्हणजे दोन गावं, आणि मडगावच्या एका हॉटेलचे स्विच दोन गटांत विभागले जातात. शिरोड्याचं उलट आहे: फोंडा तालुक्यातही शिरोडा आहे. उद्या तिथे जागा घेतलीत तर दोन गावं एकाच नावाखाली येतील.

म्हणून प्रत्येक जागेला, गावाला नव्हे, तीन अक्षरी कोड द्या आणि तो एका तक्त्यात कायमचा लिहून ठेवा. पीएनजे, एमआरजी, एमपीएस असे चालतील. पिनकोडचे शेवटचे तीन आकडे घ्यावेत असंही काही जण सुचवतात, पणजीला ००१, मडगावला ६०१, म्हापशाला ५०७. स्पेलिंगचा वाद त्यात मिटतो, पण एकाच पिनकोडमध्ये दुसरी जागा घेतली की गाडी अडते. अक्षरंच बरी. बंद झालेल्या जागेचा कोड पुन्हा कोणाला देऊ नका.

कोडनंतर यंत्राचं काम आणि दोन आकडी क्रमांक: एमआरजी-एसडब्ल्यू-०३. क्रमांकात शून्य हवंच, नाहीतर यादीत १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो. अक्षरं सगळी लहान लिपीतली, मध्ये हायफन. अंडरस्कोर होस्टनेमच्या नियमात बसत नाही. स्विच तो घेईल, पण डीएनएसच्या टप्प्यावर कुठेतरी आडवा येईल. एका भागाची लांबी ६३ अक्षरांपर्यंत चालते, तरी विंडोजची यंत्रं असतील तर १५ च्या आत राहा, कारण नेटबायोसचं नाव तेवढ्यावरच कापलं जातं. कापल्यावर दोन यंत्रांचं नाव एकच होऊ शकतं.

नावात आयपी, कंपनी, मॉडेल किंवा मजला घालू नका. या चारही गोष्टी बदलतात आणि नाव खोटं पडतं. मजला आणि रॅक सिसलोकेशनमध्ये लिहा, म्हणजे १.३.६.१.२.१.१.६.० वर, आणि क्रम सगळीकडे एकच ठेवा: जागा, इमारत, मजला, रॅक, रॅकमधलं घर. एकाने ‘रिसेप्शनच्या मागे’ आणि दुसऱ्याने ‘पहिला मजला’ लिहिलं तर त्यावर गट पाडता येत नाहीत. सिसनेममध्ये संकेताने डोमेनसकट पूर्ण नाव असतं. तेच डीएनएसमध्ये आणि तेच एनएमएसमध्ये ठेवा. तीन ठिकाणी तीन नावं असली की रात्री फोन आल्यावर कुठला स्विच बघायचा यावरच वेळ जातो.

मराठी नावांबद्दल: सिसनेम, सिसलोकेशन आणि इफअलायस हे तिन्ही आस्की मजकुरासाठी आहेत. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे ‘पणजी’ एवढ्या शब्दाला १२ लागतात. स्विचने ते घेतलं तरी काही साधनं पुढे हेक्साडेसिमल आकड्यांची रांग दाखवतात. यंत्रावर रोमन नाव ठेवा आणि एनएमएसच्या पडद्यावर मराठी. झॅबिक्स या एनएमएसमध्ये ‘होस्ट नेम’ आणि ‘व्हिजिबल नेम’ असे दोन वेगळे रकाने याच कामाचे आहेत. पहिल्यात रोमन अक्षरं, आकडे, मोकळी जागा, टिंब, हायफन आणि अंडरस्कोर चालतात; दुसऱ्यात ‘मडगाव, स्वयंपाकघराचा स्विच’ असं खुशाल लिहा. हाताखालच्या माणसांना तेच समजतं.

प्रश्न: शाखांमधल्या राउटरवरून लिंक बंद पडल्याचे ट्रॅप (यंत्राने आपणहून पाठवलेले इशारे) येतात, पण एनएमएस त्यांना ‘अनोळखी यंत्र’ म्हणून बाजूला टाकते. राउटर यादीत आहेत आणि त्यांची बाकी माहिती नीट येते.
— एका खासगी कार्यालयाचे नेटवर्क व्यवस्थापक, पणजी

उत्तर: राउटरला जेवढे इंटरफेस तेवढे पत्ते. तुम्ही विचारता एका पत्त्यावर, ट्रॅप निघतो ज्या वाटेने बाहेर पडेल त्या इंटरफेसच्या पत्त्यावरून. मुख्य लाइन पडून ट्रॅप पर्यायी लाइनने निघाला तर पत्ता हमखास वेगळा. नेमकी गरज असते तेव्हाच ओळख पटत नाही. एनएमएसच्या सर्व्हरवर टीसीपीडम्पने यूडीपी १६२ ऐका आणि येणारा पत्ता पाहा.

सिस्कोवर लूपबॅक इंटरफेसला पत्ता द्या आणि ‘एसएनएमपी-सर्व्हर ट्रॅप-सोर्स लूपबॅक०’ लिहा. एनएमएसमध्येही राउटर त्याच लूपबॅकच्या पत्त्याने नोंदवा. लूपबॅक केबलवर अवलंबून नसतो, म्हणून तो पडत नाही. तो पत्ता राउटिंगमध्ये जाहीर करायला मात्र विसरू नका.

मध्ये नॅट, म्हणजे पत्ते बदलणारा टप्पा, असेल तर हे पुरत नाही. सगळ्या शाखांचे ट्रॅप एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. पहिल्या आवृत्तीच्या ट्रॅपमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा वेगळा रकाना होता, २सी मध्ये तो काढून टाकला. शाखा व्हीपीएनमधून, नॅटशिवाय आणणं हा सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर एसएनएमपी ३ वापरा, तिथे प्रत्येक ट्रॅपसोबत पाठवणाऱ्याचा इंजिनआयडी, म्हणजे त्याच्या एसएनएमपी सेवेचा ओळख क्रमांक, येतो आणि ओळख पत्त्यावर राहत नाही. त्यासाठी घेणाऱ्या सर्व्हरवर प्रत्येक राउटरचा इंजिनआयडी आधी नोंदवावा लागतो.

ट्रॅपमधून पोर्ट कळतो तोही इफइंडेक्सनेच. फोंड्याच्या वाचकांना दिलेलं उत्तर इथेही लागू आहे.

प्रश्न: एका तयार व्हर्च्युअल मशीनच्या प्रती काढून सहा सर्व्हर केले. आयपी आणि होस्टनेम बदललं. तरी एसएनएमपी ३ वर कधी एक उत्तर देतो, कधी दुसरा, आणि मध्येच ‘नॉट इन टाइम विंडो’ येतं.
— कारखान्याच्या आयटी विभागातून, वेर्णा

उत्तर: सहाही जणांचा इंजिनआयडी एकच आहे. १.३.६.१.६.३.१०.२.१.१.० वाचून पाहा. नेट-एसएनएमपीचा आयडी बहुधा ८०००१एफ८८ ने सुरू होईल. १एफ८८ म्हणजे दशमानात ८०७२, त्यांचा खासगी क्रमांक. त्यापुढचा भाग पहिल्यांदा चालू होताना तयार होतो आणि फाइलमध्ये साठवला जातो. तुम्ही ती फाइलही प्रतीत उचललीत.

तिसऱ्या आवृत्तीत एनएमएस प्रत्येक इंजिनआयडीमागे दोन गोष्टी लक्षात ठेवते: तो कितीदा सुरू झाला आणि सुरू होऊन किती सेकंद झाले. १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की निरोप नाकारला जातो. एका आयडीमागे सहा घड्याळं असल्यावर दुसरं काय होणार?

प्रत्येक प्रतीवर एसएनएमपीडी थांबवा. डेबियनवर व्हार, लिब, एसएनएमपी या फोल्डरमधल्या एसएनएमपीडी डॉट कॉन्फमधून ‘ओल्डइंजिनआयडी’ची ओळ आणि वापरकर्त्यांच्या ओळी काढा. वापरकर्ते नव्याने तयार करा आणि मगच सेवा चालू करा. वापरकर्ते पुन्हा करावेच लागतात, कारण साठवलेल्या किल्ल्या पासवर्ड आणि इंजिनआयडी मिळून बनलेल्या असतात. आयडी बदलला की जुनी किल्ली लागत नाही आणि संदेश ‘पासवर्ड चुकला’ अशा अर्थाचा येतो. नंतर एनएमएसची सेवाही एकदा रीस्टार्ट करा, तिच्या डोक्यात जुनी घड्याळं असतात.

इटीसीतली मशीन-आयडी ही फाइलही तपासा. ती सारखी असली तर सिस्टिमडीच्या नेटवर्क सेवेवर चालणारे सर्व्हर डीएचसीपीकडे एकाच ओळखीने जातात आणि दोघांना एकच आयपी मिळू शकतो. झॅबिक्सचा एजंट असेल तर त्याच्या कॉन्फिगमधलं ‘होस्टनेम’ही प्रतीत तसंच राहिलेलं असतं, सहा सर्व्हरांचे आकडे एकाच खात्यात जमा होतात आणि चूक म्हणून काहीच दिसत नाही. सगळ्यांत वाईट प्रकार हाच. तिथे ‘होस्टनेम’ची ओळ काढून ‘होस्टनेमआयटम’ला ‘सिस्टिम डॉट होस्टनेम’ द्या. लहानमोठी लिपी एनएमएसमधल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवी.

प्रश्न: पावसाळ्याच्या तोंडाशी वीज पडून शाळेचा एक स्विच जळाला. नव्याला जुनंच नाव द्यावं की नवं?
— माध्यमिक शाळेतील शिक्षक, वाळपई

उत्तर: जुनंच. नाव जागेचं आणि कामाचं आहे; आलेखही ‘संगणक कक्षाचा ट्रॅफिक’ म्हणूनच पाहिला जातो, तो तुटायला नको. डब्याची ओळख अनुक्रमांकाने होते आणि तो मालमत्तेच्या नोंदवहीत वेगळ्या रकान्यात असावा. हमीचा दावा करताना तोच लागतो. चांगल्या स्विचांतून तो १.३.६.१.२.१.४७.१.१.१.१.११ वर मिळतो. तिथे पंखे, मॉड्यूल, वीजपुरवठा सगळ्यांचे अनुक्रमांक येतात. शेजारच्या ५ नंबरच्या रकान्यात ज्याची जात ३ आहे, तो मुख्य सांगाडा. स्वस्त स्विचांत ही शाखाच नसते, मग पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, रॅकमध्ये बसवण्याआधी. स्वतः लावायचं लेबल थर्मल कागदाचं नको. आपल्या दमट हवेत ते वर्ष-दोन वर्षांत पुसट होतं आणि कोपऱ्यांतून सुटतं. लॅमिनेट केलेली टेप टिकते.

मॉडेल बदललं असेल तर एनएमएसमध्ये त्या यंत्राचा शोध नव्याने चालवा, कारण खासगी शाखेतले ओआयडी वेगळे असतील. सिस्कोवर एसएनएमपी ३ वापरत असाल तर जुन्या कॉन्फिगची प्रत चढवून काम भागणार नाही. तिसऱ्या आवृत्तीचे वापरकर्ते कॉन्फिगच्या छापील यादीत येतच नाहीत. ते हाताने पुन्हा घालावे लागतात. त्यासाठी नव्या डब्याला जुना इंजिनआयडी मुद्दाम देऊ नका. जळालेला स्विच दुरुस्त होऊन दुसरीकडे लागला तर वेर्ण्याच्या वाचकांसारखी गत होईल.

प्रश्न: पाहुण्यांचे फोन मॅक पत्त्यावरून (फोनच्या वायफायच्या ओळख क्रमांकावरून) मोजतो. तोच पाहुणा पुन्हा आला तरी नवा फोन म्हणून दिसतो.
— गेस्टहाऊस चालक, कळंगुट

उत्तर: आयफोनमध्ये आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडमध्ये १० पासून फोन प्रत्येक वायफायला स्वतः बनवलेला मॅक दाखवतात. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला समजा. पाहुण्यांना खोली क्रमांकाच्या लॉगिनने मोजा. बिल काढायचे टॅब, दरवाज्याची कुलुपं अशा स्वतःच्या वस्तू वेगळ्या वायफायवर ठेवा आणि टॅबवर त्या वायफायपुरता खासगी पत्ता बंद करा.

प्रश्न: एलएलडीपी (जोडलेली यंत्रं एकमेकांना आपली ओळख सांगतात तो प्रोटोकॉल) स्विचच्या पडद्यावर शेजारी दाखवतो, पण एसएनएमपीवॉकमध्ये ते कुठेच सापडत नाहीत. १.३.६.१ पासून सगळं वॉक केलं.
— केबल आणि नेटवर्किंगचं काम करणारे वाचक, वास्को

उत्तर: एलएलडीपीची शाखा १.३ खाली नाहीच. ती १.०.८८०२.१.१.२ इथे आहे, म्हणजे दुसऱ्याच आकड्यापासून वाट वेगळी. शेजाऱ्यांचा तक्ता १.०.८८०२.१.१.२.१.४.१.१ वर मिळेल. त्यात ५ म्हणजे शेजारच्या यंत्राची ओळख, ७ म्हणजे त्याचा पोर्ट, ९ म्हणजे त्याचं नाव. ओआयडी न देता नुसतं वॉक केलं तर ते १.३.६.१.२.१ पुरतंच फिरतं, त्यामुळे कंपनीच्या खासगी शाखाही त्यात येत नाहीत. शेजाऱ्याचं नाव रिकामं आणि ओळखीच्या जागी मॅक दिसला, तर त्या स्विचला कोणी नावच दिलेलं नाही.